इंजिनियरच्या हातात उरते किती?

खुनाची बातमी छापणे तुलनेने सोपे असते. पंचनामा असतो, फौजदार असतो, मृताचे नाव आणि गाव असते. पगाराची बातमी छापणे अवघड. सरकारी वेतनश्रेणीचे छापील कागद मिळतात, पण वेतनश्रेणी म्हणजे पगार नव्हे. पगार म्हणजे महिन्याच्या अखेरीस माणसाच्या हातात पडतो तो आकडा. तो मुलगा बापाला सांगत नाही, आणि बाप शेजाऱ्याला खरा सांगत नाही.

बुलढाण्याच्या एका साप्ताहिकात मी उमेदीची बहुतेक वर्षे काढली. त्याआधी नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादकाच्या टेबलावर शिकलो. साप्ताहिकाचा कारभार लहान होता. मालक आणि संपादक एकच, भाऊसाहेब. वार्ताहर, मुद्रितशोधक आणि जाहिरात घेणारा एकच, तो मी. खिळे जुळवणारे दोघे आणि पायाने चालवायचे एक छपाईयंत्र. ऑफिसात माणसांची ये-जा मात्र दैनिकापेक्षा जास्त. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, आपली जोडी पहिली आली असताना दुसरी छापली म्हणून एक गृहस्थ बैलांसकट दारात उभे राहिले होते. दुसऱ्या एकाला बायको माहेरून परत आल्याची बातमी हवी होती, पण ती गेली होती हे छापायचे नव्हते.

बाहेरच्या माणसाला हे काम गावगप्पा छापण्याचे वाटते. प्रत्यक्षात ते गावगप्पा गाळण्याचे असते. नागपूरच्या आमच्या वृत्तसंपादकांनी एक पद्धत शिकवली होती. कोणी आकडा सांगितला की तीन प्रश्न विचारायचे. हे कोणी सांगितले? त्याला ते कसे कळले? आणि तसे सांगण्यात त्याचा लाभ काय? पहिले दोन प्रश्न सगळेच विचारतात. तिसरा विसरला की आकडा चुकतो. इथे सांगायची हकिकत त्या तिसऱ्या प्रश्नाची आहे.

महाराष्ट्र राज्य नवे होते. जिल्हा परिषदा स्थापन झाल्या होत्या, विहिरींवरच्या मोटा जाऊन तेलावरची इंजिने येत होती आणि इंटर सायन्स झालेल्या मुलांच्या घरी इंजिनियरिंग हा शब्द पोचला होता. तेवढ्यात एका बाजारच्या दिवशी अमडापूरचे दोघे ऑफिसात आले. एक हमीदभाई. गावात इंजिनदुरुस्तीचे दुकान, भाड्याच्या जागेत. दुसरे नामदेवराव पाटील, बागायतदार, हमीदभाईंचे लहानपणापासूनचे मित्र. हमीदभाईंच्या मुलाला, सलीमला, नागपूरला मेकॅनिकल इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला होता.

नामदेवराव खुर्चीत बसायच्या आधीच बोलले.

"पेपरवाले साहेब, इंजिनेरले पगार किती भेटते ते छापून सांगा."

मी विचारले, कशासाठी. तेव्हा हमीदभाईंनी क्रमाने सांगितले. शिक्षणासाठी सरकारी कर्ज मंजूर होण्यासारखे होते. व्याज नाही. परतफेड नोकरी लागल्यावर, हप्त्याने. पण दोन जामीन लागणार, दोघांच्या नावे मालमत्ता हवी. एक जामीन खामगावच्या मेव्हण्याने दिला होता. त्याचे स्वतःचे घर होते. दुसरे नामदेवराव. नामदेवराव तयार होते, पण त्यांचा थोरला मुलगा शंकर आडवा आला होता.

"शंकर म्हनते," नामदेवराव म्हणाले, "पोरगं शिकून मुंबईले जाईन, आपुन राहू अमडापुरात. हप्ता थकला का तहसीलवाला कोनाच्या दारात येईन? शेत आपलं, वावर आपलं. मी म्हटलं, पगार भेटन त्याले. तो म्हनते, किती भेटन? आता मले काय मालूम? मी का इंजिनेर हाव?"

"पाटील, तुमाले जबरदस्ती नाई," हमीदभाई म्हणाले. "नाई जमलं त सलीम दुकानात बसन."

"तू गप बस. मी साहेबाशी बोलून राह्यलो."

मी म्हटले, खाजगी प्रश्नांची उत्तरे छापण्याचा आमचा रिवाज नाही. आतल्या खोलीतून भाऊसाहेबांनी ऐकले होते. ते चष्मा कपाळावर सरकवत बाहेर आले आणि म्हणाले, "हा प्रश्न एका घराचा नाही. या वर्षी जिल्ह्यात कितीतरी घरांत हाच प्रश्न चालला असेल. छापू." मग नामदेवरावांकडे वळले. "कागद नागपूरला कधी पोचले पाहिजेत?"

हमीदभाईंनी तारीख सांगितली. मधे आमचे दोनच अंक निघणार होते. पहिल्यात शक्य नव्हते. म्हणजे दुसरा.

"छापून आलं अन् शंकरच्या डोक्यात शिरलं त सही," नामदेवराव म्हणाले. "नाई शिरलं त मी घरात भांडन लावनार नाई. हे हमीदलेबी सांगतलं."

हमीदभाईंनी मान हलवली. एका मुलाचे नागपूर आता एका लेखावर अडले होते, आणि तो लेख लिहायचा होता मला.

इथे वाचकांसाठी हिशेबाची रीत सांगतो, कारण आजही लोक तीच चूक करतात. शिक्षणाला लागणारे कर्ज आणि शिक्षणाने मिळणारा पगार, एवढे दोनच आकडे शेजारी ठेवून चालत नाही. मुलगा शिकत असताना जी कमाई बुडते ती धरावी लागते. सलीम दुकानात बसला तर हंगामात महिना दोनशेपर्यंत मिळकत, बाकीच्या महिन्यांत साठ-सत्तर. ती चार वर्षे येणार नाही. पदवी मिळाल्यावर नोकरी लागेपर्यंतचा रिकामा काळ धरावा लागतो. आणि पगारातून खाणे, खोली, घरी पाठवायचे पैसे वजा जाता जे उरते, त्यातून हप्ता जातो. हप्ता पगारातून जात नाही, उरलेल्यातून जातो. कर्ज सुमारे साडेतीन हजारांचे होणार होते, हप्ता महिना चाळीसचा. त्यामुळे शोधायचा आकडा एकच होता: नव्या मेकॅनिकल इंजिनियरच्या हातात महिनाअखेर उरते किती?

जिल्ह्यातून मेकॅनिकलची पदवी घेतलेले तरुण तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ते सगळे बाहेरगावी नोकरीला. पत्राने विचारले तर उत्तर यायला वेळ लागला असता, म्हणून त्यांच्या घरी जायचे ठरवले.

पहिले घर साखरखेर्ड्याचे, रंगनाथरावांचे. मुलगा पुण्याला इंजिनच्या कारखान्यात. मी नाव सांगितले, बुलढाण्याहून आलो म्हणालो आणि मुलाच्या नोकरीबद्दल थोडे विचारायचे आहे असे सांगितले. रंगनाथरावांनी सतरंजी टाकायला लावली. पोहे आले, त्यावर खोबरे. मग रव्याचा लाडू आला. त्या काळी वार्ताहराला गावात इतके कोणी खाऊ घालत नसे. मी ते साखरखेर्ड्याच्या लोकांच्या चांगुलपणाच्या खाती जमा केले.

"पगार सहाशे," रंगनाथराव म्हणाले.

"सातशे म्हणा की," माजघरातून आवाज आला. "दिवाळीचं वेगळं असतं त्याला."

"साडेसहाशे धरा. वरून कंपनीची खोली. फुकट."

"आणि चहाचाबी त्याला लई शौक नाही हो," माजघर म्हणाले. "व्यसन तर सुपारीचंबी नाही."

मी सुपारीचे लिहून घेतले नाही. पगार लिहून घेतला. रंगनाथरावांनी माझे मूळ गाव, वडिलांचे नाव, आजोळ, भाऊ किती, शेती किती हे सगळे विचारले. गावोगाव फिरणाऱ्या वार्ताहराला हे रोजचेच असते, म्हणून मी सगळे सांगितले. निघताना त्यांनी मुलाचा फोटो आणून दाखवला. चेहरा हसरा, केस तेल लावून मागे फिरवलेले. मी म्हटले, छान आहे. आतून बांगड्या वाजल्या.

दुसरे घर मोताळा तालुक्यात, रोहिणखेडला, मशिदीमागच्या आळीत. मुलगा शेजारच्या जिल्ह्यातल्या वीजकेंद्रात. वडील शेतावर गेलेले, आई बोलली.

"सहाशेच्या खाली नाई, भाऊ. अन् साहेब हाये तो. चार मानसं हाताखाली."

"हातात तेवढे पडतात?"

"पडतेत मंग! खर्च कायचा हाये त्याले? एकटाच हाये." या शेवटच्या वाक्यावर त्यांनी विशेष जोर दिला.

दोन वेगळी गावे, एकमेकांना न ओळखणारी दोन घरे, आणि आकडे जवळजवळ सारखे. वृत्तपत्राच्या हिशेबाने याला खात्री म्हणतात. मी परत येऊन मजकूर लिहिला. नवा मेकॅनिकल इंजिनियर महिना सहाशेच्या आसपास मिळवतो, राहण्याची सोय होते, म्हणजे साडेतीन हजारांचे कर्ज एका वर्षातच फेडता येईल, असा त्याचा सूर होता. भाऊसाहेबांनी वाचला आणि म्हणाले, "इतके?" मी म्हटले, दोन ठिकाणी पडताळले. खिळे जुळले. पहिले प्रूफ निघाले.

प्रूफ हातात असतानाच दारात टांगा थांबला. रंगनाथराव उतरले. बरोबर त्यांचे मेहुणे आणि गावातले एक वयस्कर गृहस्थ. तिघांच्या डोक्याला नवे पटके. मेहुण्यांच्या हातात नारळ.

"बुलढाण्याला येणं होतंच," रंगनाथराव म्हणाले, "म्हटलं मुलगी बघूनच जावं. पत्रिका नंतर पाहता येईल."

ऑफिसात खिळे जुळवणारे दोघे थांबले. भाऊसाहेब आतून आले. माझे स्वतःचे लग्न होऊन वर्षही झाले नव्हते, आणि मुलगी मला नव्हती.

"मुलगी?" मी म्हणालो.

"तुमची नसंल तर बहीण असंल. बहीण नसंल तर साहेबांची असंल." रंगनाथराव भाऊसाहेबांकडे वळले. "उगीच साखरखेर्ड्यापर्यंत येऊन कोण पगार विचारतं हो?"

भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "मुलगी नाही. चहा आहे. बसा."

मी रंगनाथरावांसमोर ओले प्रूफ ठेवले. त्यांनी ते वाचले, मग मेहुण्यांनी वाचले. तिसऱ्या गृहस्थांनी नारळ आपल्या मांडीवर घेतला, बहुधा तो आता कोणाला द्यायचा नाही हे पक्के करण्यासाठी. रंगनाथरावांचा चेहरा लाल झाला. ते रागावले असे मला वाटले. ते घाबरले होते.

"हे छापू नका," ते म्हणाले. "आमी सांगितलं ते लग्नाचं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? पोरीचा बाप पगार विचारायला आला की कोणी खरा सांगतो का? सगळेच वाढवून सांगतात. पोरीच्या बापालाबी ठाऊक असतं, तो आपला कमी करून घेतो. हे छापलं अन् पोराच्या कारखान्यात कोणी वाचलं तर लोक हसतील त्याला."

रोहिणखेडच्या घराने एकटेपणावर जोर का दिला होता, तेही आता समजले. दोन घरांचे आकडे जुळले होते, कारण दोन्ही घरे एकाच बाजारात उभी होती. आमच्या भागात परका माणूस दारात येऊन अविवाहित मुलाची नोकरी विचारतो त्याचे कारण एकच असते, हे मला माहीत असायला हवे होते. मजकूर उतरवला. चौकट मोडून खिळे परत खणांत गेले. हातात एक आठवडा आणि शून्य आकडा.

चहा पिताना रंगनाथरावांना आमची दया आली असावी.

"खरा आकडा पाहिजे?" ते म्हणाले. "मग पोराच्या बापाला विचारू नका. जावयाच्या सासऱ्याला विचारा. आमच्या पोराच्याच कारखान्यात, त्याच हुद्द्यावर, चिखलीचा एक जावई आहे. त्याच्या सासऱ्यानं लग्नाआधी कारखान्यातल्या कारकुनाला गाठून दमडीन्‌दमडी काढली होती. हे आमाला त्या सासऱ्याकडूनच कळलं."

त्या दुपारी मला वृत्तसंपादकांचा तिसरा प्रश्न पुन्हा नीट समजला. उपवर मुलाच्या बापाचा लाभ आकडा फुगवण्यात. स्वतः नोकरदाराचा लाभ तो लपवण्यात, नाहीतर भाऊबंद उसने मागायला येतात. सासऱ्याने मात्र मुलगी देण्याआधी शहानिशा केलेली असते, आणि लग्न होऊन गेल्यावर आकडा वाढवून वा कमी करून त्याला काहीच मिळत नाही. जिल्ह्यात याहून भरवशाचा माहितगार नव्हता.

चिखलीचे सासरे कापडाचे व्यापारी. दुकानात गाठले. मी आधीच सांगून टाकले की मी साप्ताहिकाचा माणूस आहे, मला मुलगी नाही, बहीण नाही आणि मी विवाहित आहे. ते हसून हसून बेजार झाले.

"बसा हो. आमचे जावईबापू? मूळ पगार वेगळा, महागाई भत्ता वेगळा. कापाकापी होऊन हातात तीनशे. त्याच्यावर एक रुपया नाही. दिवाळीचा बोनस, तोही एखाद्या वर्षी."

"खोली?"

"कंपनीची खोली फुकट भेटते हे कोनं सांगतलं तुमाले? तीन जनं मिळून राह्यत होते. लग्नाआधी मी स्वतः पाहून आलो. खोलीचे तीस, खानावळीचे साठ. कपडा, बस, चहा धरून चाळीस. घरी पाठवत होता पंचाहत्तर."

"उरायचे?"

"नव्वद-पंच्याण्णव. म्हणून तर पोरगी देल्ली." मग त्यांनी कापडाचा तागा गुंडाळता गुंडाळता आपणहून सांगितले, "अन् हेबी लिहा. पास झाल्यावर सहा-आठ महिने घरी बसून होता. अर्ज करून करून बोटं झिजली पोराची. बाप कोनाले सांगत नोयता, पन आमी काढलं."

दुसरे सासरे मलकापूरचे, रेल्वेतून निवृत्त झालेले कारकून. त्यांचा जावई साखर कारखान्यात. त्यांनी मला आधी विचारले की हे छापून कोणाचे नुकसान होणार आहे का. नाही म्हटल्यावर हातात पडणारा आकडा सांगितला. तो चिखलीच्या आकड्याहून पंधरा रुपयांनी कमी होता, पण राहायला कारखान्याची चाळ होती. उरणारा आकडा जवळजवळ तोच. नोकरीपूर्वीचा रिकामा काळ इथेही होता, थोडा कमी.

लेख नव्याने लिहिला. त्यात फुगवलेले काही नव्हते. हातात तीनशे, खर्च आणि घरी पाठवणे वजा जाता नव्वदच्या आसपास, त्यातून चाळीस हप्ता. एका वर्षात फेड होणार नाही, सात वर्षे लागतील, आणि या सात वर्षांत मुलाचे लग्न, आजारपण, बदली असे काही ना काही येणारच. पहिले सहा-आठ महिने नोकरी नसेल असे धरूनच जामिनाने सही करावी, असेही लिहिले. मात्र दुकानात बसलेल्या मुलाची मिळकत पाच-सहा वर्षांनीही तेवढीच राहील, पदवीधराची दर वर्षी वाढेल, हेही त्यात होते. भाऊसाहेबांनी शीर्षक दिले, "इंजिनियरिंगचे कर्ज फिटते का?" आणि खाली उत्तर: "फिटते, पण दमाने."

अंक घेऊन मी पहिल्या बसने चिखली आणि तिथून अमडापूर गाठले. कागद नागपूरला पोचायला चारच दिवस उरले होते. हमीदभाईंच्या दुकानात इंजिनाचे चाक उघडे पडलेले, सलीम रॉकेलने भाग धूत होता. नामदेवराव बाकावर. शंकर उभा, कडेला, हाताची घडी. वय तिशीच्या आत, बोलायला धारदार.

"वाच बे शंकर," नामदेवराव म्हणाले. "मोठ्यानं वाच. तुलेच समजाचं हाय."

शंकरने वाचायला घेतले. जिथे आकडा कमी तिथे तो सावकाश वाचे, जिथे बरा तिथे घाईने. सहा-आठ महिने रिकामे हा भाग त्याने दोनदा वाचला.

"ऐकलं का बाबा? पेपरवालाच म्हनते. पास होऊन घरी बसन. सहा-आठ महिने. रिकामा."

"त तू काय करून राह्यला सहा वर्सं झाले मॅट्रिक होऊन?" नामदेवराव म्हणाले. "तू त बिना इंजिनेरचाच बसला."

बाहेर उभे असलेले दोघे-तिघे हसले. शंकर हसला नाही.

"मस्करी सोडा. सात वर्सं म्हनते पेपर. सात वर्सं आपल्या शेतावर बोजा. काऊन? कोनासाठी?"

हमीदभाई उठले. हात पुसले. "शंकर, बेटा, तू बरोबर बोलून राह्यला. माझं पोरगं, माझी जिम्मेदारी. पाटील, राहू द्या."

"बस खाली," नामदेवराव त्यांच्यावर ओरडले. मग शंकरकडे वळले. "तुकारामच्या इंजिनाले जामीन कोन राह्यलं? मी. बाबारावच्या इंजिनाले? मी. तवा तू काऊन नाई बोलला?"

"ते इंजिन व्हतं. समोर दिसते. नाई फेडलं त उचलून आनता येते."

"तुकारामचं इंजिन कुठी हाय आता?"

सगळ्यांना माहीत होते. ते याच दुकानाच्या मागे, पावसात, भंगार होऊन पडले होते. त्याचे कर्ज अजून चालू होते.

"लोखंड दिवसेंदिवस खाली जाते," नामदेवराव म्हणाले. "हे पोरगं दर वर्साले वर जाईन असं छापलं हाय. वाच ना ते, ते काऊन घाईनं वाचलं?" मग ते सलीमकडे वळले. "अन् तू काय म्हनतं बे? तुलेच कोनी इचारलं नाई."

सलीमने हातातला भाग खाली ठेवला.

"काका, दुकानात बसलो तरी मी इंजिनच खोलनार. पन आता जसं व्हतं तसंच परत बसवतो. ते काऊन बिघडते, बिघडू नये म्हून कसं बनवाव, ते मले शिकाचं हाय. हप्ता मी चुकवनार नाई. कमी खाईन."

"कमी खाऊ नको," नामदेवराव म्हणाले. "पेपरात खानावळीचे साठ धरले हायेत. साठचं खाय."

शंकर पेपरकडे बघत राहिला. त्याने शेवटी विचारलेला प्रश्न मला होता.

"हे आकडे कोनी सांगतले तुमाले? पोराच्या घरच्याईनं?"

"नाही. सासऱ्यांनी."

शंकरने मान वर केली. त्याच्या स्वतःच्या सासऱ्याने त्याची बागायत मोजायला तलाठी गाठला होता, हे मला नंतर कळले. त्याने पेपर घडी करून बापाच्या हातात दिला.

"सासऱ्याईनं काढलं असन त खरं असन," तो म्हणाला. "करा सही. पन सलीम्या, माझ्या बापाचं शेत ध्यानात ठेवजो."

"शंकरदादा, तेच ध्यानात राहीन," सलीम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चिखलीच्या तहसील कचेरीत जामीनखत झाले. कागद नागपूरला वेळेत पोचले. सलीम गेला.

पुढची वर्षे सरळ गेली असे म्हणता येणार नाही. सलीम पास झाला आणि लेखात लिहिल्याप्रमाणे घरी बसला, उलट दोन महिने जास्तच. तेवढ्यात शंकर एकदा बुलढाण्यात भेटला तेव्हा म्हणाला, "तुमचा पेपर खरा निघून राह्यला, साहेब. नको तिथंच." मग पुण्याकडच्या एका कारखान्यातून बोलावणे आले. पहिल्या पगाराच्या महिन्यात सलीमचे कार्ड ऑफिसात आले. त्यात एकच ओळ होती: हातात पडले ते तुमच्या लेखापेक्षा आठ रुपयांनी जास्त. भाऊसाहेबांनी ते कार्ड टेबलाच्या काचेखाली ठेवले. वृत्तपत्राच्या धंद्यात अंदाज खरा ठरल्याचा पुरावा टपालाने येणे दुर्मीळ असते.

हप्ता एकही चुकला नाही. सात वर्षे लागतील असे आम्ही छापले होते. पगारवाढ होत गेली तसा सलीमने हप्ता दुप्पट केला आणि पाचव्या वर्षात सगळे फेडले. एकदा गावी आलेला असताना तो नामदेवरावांच्या विहिरीवरचे इंजिन उघडून बसला होता. ते पुन्हा पूर्वीसारखे बसवले नाही. त्याच्या तेलाच्या नळीची जागा त्याने बदलली. नामदेवराव येईल त्याला ते दाखवत.

खंत एकच. त्या वर्षांत जिल्ह्यात कर्ज मंजूर होऊनही जामीन न मिळाल्याने थांबलेली मुले होती. आमच्या लेखाने कर्ज फिटते हे सांगितले. जामीन मिळवून देणे लेखाच्या हातात नव्हते. मुले हुशार, बाप प्रामाणिक, पण शेजारी नामदेवराव नाही. त्यांच्यापैकी काही ओव्हरसियर झाले, काही मास्तर झाले. कोणी तक्रार केली नाही.

सलीमचे कर्ज फिटून शेतावरचा बोजा उतरला, त्यानंतर काही महिन्यांनी शंकर ऑफिसात आला. एकटाच. जाहिरातीचा दर विचारला.

"कसली जाहिरात?"

"जामीनकीची," तो म्हणाला. "लिहून घ्या. अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी सरकारी कर्ज घेनाऱ्या मुलाले जामीन राहू. मार्क दाखवा. जात-धर्म इचारनार नाई. अमडापूरले समक्ष भेटा."

मी लिहून घेतले. भाषा थोडी नीट केली. त्याने नीट केलेली भाषा वाचली आणि आपली परत टाकायला लावली. मग दरावर घासाघीस सुरू झाली. मी म्हटले, अशा जाहिरातीचे पैसे घेणार नाही. तो म्हणाला, फुकट छापले तर लोकांना थट्टा वाटेल. आम्ही निम्म्या दरावर आलो. तेवढ्याने लोकांचा विश्वास बसेल की नाही याबद्दल तो जरा साशंक होता.

जाहिरात छापून आल्याच्या आठवड्यात नामदेवरावांच्या ओसरीवर बाप आणि मुले गुणपत्रिका घेऊन रांगेने बसली होती असे चिखलीच्या कंडक्टरने सांगितले. शंकर प्रत्येकाच्या गुणपत्रिकेवर बोट ठेवून गणिताचे मार्क वाचत होता आणि नामदेवराव चहा पाजत होते. एका मुलाच्या बापाने मुलाला पुढे किती पगार पडेल ते सांगायला सुरुवात केली, तेव्हा शंकर म्हणाला, "तो तुमी सांगू नका. आमाले मालूम हाय."

जाहिरात चार अंकांसाठी दिलेली होती. दुसऱ्या अंकाच्या आधीच शंकर परत आला.

"बंद करा ते," तो म्हणाला.

मी विचारले, काय झाले, घरातून विरोध झाला का.

"विरोध कायचा? तहसीलवाला म्हनते, शेताच्या किमतीत एवढेच जामीन बसतात. तीन पोरं बसले." त्याने उरलेल्या अंकांचे पैसे परत मागितले, मोजून खिशात ठेवले आणि दारातून वळून म्हणाला, "वावर भरलं, साहेब."